युक्रेनची पहिली लीग आणि एक अपुरा हंगाम

ज्या देशाच्या फुटबॉलचा विषय निघाला की दिनामो कीव आणि शाख्तार दोनेत्स्क या दोन नावांपलीकडे सामान्य वाचकाची स्मृती सहसा जात नाही, आणि १९९३ पासून २०२५ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपद या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाच्याही हाती एकदाही लागले नसल्यामुळे ती तशी जाण्याचे कारणही उरलेले नाही, त्या युक्रेनच्या क्रीडाजीवनाचे खरे दप्तर उघडून पाहावयाचे असेल, तर वरच्या पंक्तीकडे पाठ फिरवून एक पायरी खाली उतरावे लागते. या पायरीला तेथे ‘पेर्शा लिहा’, म्हणजे पहिली लीग, असे म्हणतात. दर्जाने मात्र ती दुसरी आहे. तिच्या वर प्रीमियर लीग, तिच्या खाली ‘दुसरी लीग’ या नावाची तिसऱ्या दर्जाची स्पर्धा, आणि त्याही खाली हौशी संघांचा अफाट मुलूख, अशी ही उतरंड आहे. पहिली व दुसरी या दोन्ही लीगांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक फुटबॉल लीग ही संस्था पाहते.

या खालच्या पायरीला अगदीच तुच्छ लेखू नये असे बजावणारी एक घटना युक्रेनच्या स्वतंत्र फुटबॉलच्या आरंभीच घडून गेली आहे. सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाल्यानंतर १९९२ च्या वसंतात घाईघाईने भरविलेल्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत, क्रिमियातील सिम्फेरोपोलच्या ताव्रिया या संघाने ल्विव येथील अंतिम सामन्यात दिनामो कीवला एका गोलने हरवले. हा ताव्रिया आदल्याच वर्षी सोव्हिएत स्पर्धेच्या दुसऱ्या दर्जात खेळत होता, आणि बलाढ्य दिनामो पहिल्या दर्जात. तसा चमत्कार पुढे घडला नाही. स्वतः ताव्रियाची पुढची कथा तर या देशाच्या इतिहासाशी इतकी जखडलेली आहे की २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यावर तो क्लब आपल्या घरी संपला, आणि दोन वर्षांनी खेर्सोन प्रांतातील बेरिस्लाव या गावी त्याच नावाने नव्याने उभा करावा लागला.

पहिल्या लीगच्या एका हंगामाचा साचा सांगावयास सोपा आहे. २०२१-२२ मध्ये तीत सोळा क्लब होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळावयाचे, म्हणजे तीस फेऱ्या. जुलैच्या उन्हात प्रारंभ करावयाचा, नोव्हेंबरच्या अखेरीस जमीन गोठू लागली की थांबावयाचे, आणि मार्चमध्ये पुन्हा मैदानात उतरून जूनच्या आत निकाल लावावयाचा. वर गेलेल्यांना बढती, तळच्यांना पदावनती. किती जणांना आणि कोणत्या रीतीने, याचे नियम जवळजवळ प्रत्येक वर्षी थोडेफार बदलत आले आहेत. त्या वर्षीच्या यादीत स्लोव्हाकियाच्या सीमेला टेकलेले उझ्होरोद होते आणि दोनेत्स्क प्रांतातील क्रामातोर्स्कही होते. या दोन गावांमधील अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि दुसऱ्या दर्जाच्या क्लबाच्या तिजोरीला हे अंतर पहिल्या दर्जाच्या क्लबापेक्षा पुष्कळच लांब वाटते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु साचा म्हणजे हंगाम नव्हे. या लीगचे मर्म कळावयाचे तर आधी एक अरसिक प्रश्न विचारावा लागतो: खेळाडूंचा पगार देतो कोण? तिकिटांच्या उत्पन्नावर या दर्जाचा क्लब चालत नाही. कोणीतरी पोशिंदा लागतो, आणि पोशिंदा बदलला की क्लबाचे नाव, गाव, क्वचित अस्तित्वही बदलते. सोव्हिएत काळी हा पोशिंदा कारखाना असे. खाणी, पोलादाच्या भट्ट्या, आगगाडीच्या इंजिनांची कर्मशाळा यांच्या कामगारसंघांतून संघ उभे राहत, आणि नाममात्र हौशी असलेला खेळाडू कारखान्याच्या हजेरीपटावर कामगार म्हणून रुजू असे. खार्किवचा मेटालिस्ट १९२५ मध्ये अशाच इंजिनांच्या कारखान्यात जन्मला. कारखाने खासगी झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर क्लबही नव्या धनाढ्यांच्या हाती गेले. आणि ज्या गावांतील कारखान्याला कुलूप लागले, तेथील क्लबानेही कालांतराने प्राण सोडला.

या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मात्र पहिल्या लीगच्या यादीत एक नवा वर्ग ठळकपणे दिसू लागतो, आणि तो म्हणजे शेतीच्या धंद्यातला पैसा. युक्रेनची काळी जमीन जगप्रसिद्ध आहे. तिच्यावरील गहू, मका आणि सूर्यफूल यांच्या निर्यातीतून हजारो हेक्टर कसणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चालकांनी आपापल्या गावी फुटबॉलचे संघ पोसले. वोलोचिस्क हे झ्ब्रूच नदीकाठचे, एके काळी रशियन आणि ऑस्ट्रियन साम्राज्यांच्या सीमेवरचे ठाणे. तेथील क्लबाचे नावच अॅग्रोबिझनेस. चेर्कासीचा एलएनझेड हा लेबेदिन गावच्या बियाणे-कारखान्याच्या आद्याक्षरांचा संघ. पेत्रोवे नावाच्या लहानशा वस्तीतील इंगुलेत्स या क्लबाने तर २०१९ मध्ये पहिल्या लीगमध्ये असतानाच युक्रेनच्या राष्ट्रीय चषकाची अंतिम फेरी गाठली, जे त्या दर्जाच्या कोणत्याही क्लबाला तोवर साधले नव्हते. अंतिम सामन्यात शाख्तारने त्यांना चार गोलांनी धुऊन काढले हे खरे. पण तेवढ्याने मूळ पराक्रम उणा होत नाही. कीव प्रांतातील कोवालिव्का या खेड्याचा कोलोस त्याच वर्षी पहिल्या लीगमधून प्रीमियर लीगमध्ये चढला, आणि २०२० मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत थेस्सालोनिकीच्या आरिसला त्याच्याच घरी हरवून आला. दोन हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या गावाने ग्रीसच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात जाऊन हे करावे, ही गोष्ट मला एखाद्या मोठ्या क्लबाच्या दहा विजेतेपदांपेक्षा अधिक मनोरंजक वाटते.

शेतीच्या पैशाला एक दोषही जडलेला आहे. तो एका माणसाच्या हौसेवर अवलंबून असतो, आणि ज्या गावात प्रेक्षकच दोन हजार, तेथे ती हौस आटली की तिची जागा घेणारा दुसरा कोणी नसतो. यासाठी राष्ट्रीय संघटनेने अनुमतिपत्राची एक सनदशीर पद्धत घालून दिली आहे: मैदान, प्रकाशव्यवस्था, कुमारांची शाळा, देणी-घेणी या सर्वांचे दाखले हंगामापूर्वी हजर केल्यावाचून क्लबास वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळत नाही. त्यामुळे पुष्कळदा मैदानावर जिंकलेले कागदावर हरते. चेर्निहिवचा देस्ना २०१७ मध्ये दुसरा आला. त्यास अनुमतिपत्र मिळाले नाही आणि तिसऱ्या क्रमांकाचा रिव्नेचा वेरेस वर गेला. पुढच्याच वर्षी या वेरेसने आपली वरची जागा ल्विवच्या एका क्लबास देऊन टाकली आणि स्वतः खाली उतरला. त्याच उन्हाळ्यात पोल्तावा नावाचा क्लब बढतीचा सामना जिंकूनही वर न जाता बरखास्त झाला, आणि हरलेल्या ओडेसाच्या चोर्नोमोरेत्सची पदावनती त्यामुळे टळली. असा विनोद एखाद्या नाटककाराने लिहिला असता, तर समीक्षकांनी त्यास अतिरंजित ठरविले असते.

याहून करुण प्रकरण द्निप्रोचे आहे. २०१५ च्या मे महिन्यात वॉर्सा येथे युरोपा लीगचा अंतिम सामना खेळून सेव्हियाकडून दोनास तीन अशा गोलांनी हरलेला हा क्लब खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची थकबाकी देऊ शकला नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आदेशावरून त्याचे गुण कापले गेले, आणि २०१७ मध्ये तो प्रीमियर लीगमधून पहिल्या लीगलाही न थांबता थेट दुसऱ्या लीगमध्ये, तिसऱ्या दर्जात, ढकलला गेला. वॉर्सा ते तेथवर अवघी दोन वर्षे. आणि योगायोग असा की, त्याच शहरात नव्याने निघालेला द्निप्रो-१ हा क्लबही त्याच हंगामात त्याच लीगमध्ये आपले पहिले पाऊल टाकत होता. जुना बुडाला, नवा दोन वर्षांत प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि पुढे २०२४ मध्ये तोही बंद पडला.

इतकी पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २०२१-२२ च्या हंगामातील अग्रस्थानाची चुरस का लक्षणीय होती ते कळते. त्या वर्षी पुढे होते मेटालिस्ट खार्किव आणि क्रिव्बास क्रिव्ही रीह. दोन्ही कारखानी परंपरेची नावे, दोन्ही एकदा मरून पुन्हा जन्मलेली. मेटालिस्ट १९८८ मध्ये सोव्हिएत चषक जिंकलेला, २०१३ मध्ये युक्रेनच्या प्रीमियर लीगमध्ये दुसरा आलेला; परंतु २०१४ च्या राजकीय उलथापालथीत त्याचा मालक देशाबाहेर पळाला, कर्जे थकली आणि २०१६ मध्ये क्लब संपला. त्या शहरात मग वारसा सांगणारे दोन क्लब उभे राहिले, एक मेटालिस्ट १९२५ आणि दुसरा हा, त्या पळालेल्या मालकाच्याही आधीच्या मालकाच्या पाठबळाने आलेला. क्रिव्बास हा लोहखनिजाच्या शहराचा संघ. विसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ दोनदा राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आलेला, २०१३ मध्ये दिवाळे वाजून बंद झालेला. युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की याच शहरात जन्मले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. शेतीच्या क्लबांनी भरलेल्या तक्त्याच्या माथ्यावर पोलाद आणि खाण यांची नावे पुन्हा विराजमान व्हावीत, यात जुन्या रसिकांना काहीसे समाधान वाटले असल्यास नवल नाही.

नोव्हेंबरात निम्म्याहून अधिक फेऱ्या संपवून लीग नेहमीप्रमाणे हिवाळ्यासाठी थांबली. पुष्कळ क्लबांनी युक्रेनी प्रथेप्रमाणे तुर्कस्तानच्या सौम्य हवेत सरावाचे तळ ठोकले. मार्चमध्ये पुन्हा प्रारंभ व्हावयाचा होता. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाचे आक्रमण सुरू झाले.

महाराष्ट्रातील शेकडो घरांत त्या आठवड्यात ज्या गावांची नावे श्वास रोखून उच्चारली जात होती, त्यांपैकी बरीच याच लीगमधील गावे होत, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याजोगी नव्हती. खार्किव, तेर्नोपिल, इवानो-फ्रांकिव्स्क, उझ्होरोद, चेर्निव्त्सी येथील वैद्यकीय विद्यालयांत मराठी मुले-मुली शिकत होती. भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’तून ती शेजारच्या देशांमार्गे परत आली. तेर्नोपिलचा नीवा, फ्रांकिव्स्कचा प्रिकार्पाट्टिया, उझ्होरोदचा त्याच नावाचा संघ हे पहिल्या लीगमध्ये, तर चेर्निव्त्सीचा बुकोविना दुसऱ्या लीगमध्ये तेव्हा खेळत होता. आपल्या घरी परतलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने रविवारच्या दुपारी या मैदानांच्या कठड्याशी उभे राहून सामना पाहिलाही असेल.

हंगाम प्रथम तहकूब झाला, आणि वसंत ऋतू संपण्यापूर्वी तो रद्दच करण्यात आला. कोणासही विजेता घोषित केले गेले नाही. हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. जे खेळलेच गेले नाही त्याचे पारितोषिक वाटणे हा त्या खेळाचा अवमान ठरला असता. परंतु वरच्या लीगमध्ये दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या आणि त्या भरणे भाग होते. मारिउपोलचा क्लब त्या शहराच्या विध्वंसाबरोबर संपला होता. दुसरी जागा देस्नाची. मागे कागदावर हरलेला हाच देस्ना २०१८ मध्ये वर चढून, २०२० मध्ये चौथा येऊन युरोपा लीगच्या पात्रता फेरीत जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गशी खेळण्यापर्यंत पोहोचला होता. मार्च २०२२ मध्ये चेर्निहिव येथील त्याच्या मैदानावर, ज्यास अंतराळवीर गागारिनचे नाव होते, बाँब पडले आणि प्रेक्षागार उद्ध्वस्त झाले. या दोन जागांवर थांबलेल्या तक्त्यातील पहिले दोन, म्हणजे मेटालिस्ट आणि क्रिव्बास, यांची नेमणूक झाली.

क्रिव्बासने त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून ज्या गृहस्थास पाचारण केले, त्याची कथा वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचली असेल. युरी वेर्निदुब, जन्म झितोमीरचा. मोल्दोवातील शेरिफ तिरास्पोल या संघाचा प्रशिक्षक असताना सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या संघाने रियाल माद्रिदला माद्रिदच्या मैदानावर दोनास एक असे हरविले, आणि त्या रात्री फुटबॉलचे जग अवाक् झाले. पाच महिन्यांनी, ज्या दिवशी आक्रमण झाले त्याच संध्याकाळी, शेरिफचा पोर्तुगालमध्ये ब्रागाशी सामना होता. तो उरकून वेर्निदुब तिरास्पोलला परतला आणि तेथून वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी युक्रेनच्या सैन्यात दाखल झाला. काही महिन्यांनी सैन्यातून बाहेर येऊन त्याने क्रिव्बासची सूत्रे घेतली. कनिष्ठ लीगमधून आलेल्या, अपुऱ्या हंगामाच्या बळावर वर चढलेल्या संघास असा प्रशिक्षक मिळावा, हे शांततेच्या काळात घडले नसते.

पहिल्या लीगचे स्वतःचे काय झाले? जुन्या सोळांपैकी ओबोलोन, होर्निक-स्पोर्ट, प्रिकार्पाट्टिया, नीवा, पोलिस्सिया आणि क्रेमिन ही मोजकी नावे नव्या यादीत राहिली. क्रामातोर्स्क युद्धरेषेजवळचे, सुमी प्रांतातील लिपोवा दोलिनाचा अल्यान्स, द्निप्रोपेत्रोव्स्क प्रांतातील शेव्चेन्किव्काचा व्हीपीके-अॅग्रो, वोलोचिस्कचा अॅग्रोबिझनेस हे शेतीच्या किंवा लहान गावांच्या बळावर उभे असलेले. हे सारे बाहेर पडले. बंदरे कोंडली गेली आणि धान्य कोठारांत अडकून पडले, त्या वर्षी धान्याच्या नफ्यावर चालणारे क्लब चालत राहतील अशी अपेक्षा करणे व्यर्थच होते. रिकाम्या जागा दुसऱ्या लीगमधील संघांना वर उचलून भरण्यात आल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आठ-आठ क्लबांच्या दोन गटांत नवा हंगाम सुरू झाला, म्हणजे लांबचे प्रवास निदान पूर्वार्धात तरी टळावेत.

प्रेक्षकांना मज्जाव होता. ज्या मैदानाजवळ सुरक्षित तळघर असेल तेथेच सामना. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की पंचाने खेळ थांबवावयाचा, दोन्ही संघांनी तळघरात उतरावयाचे, आणि धोका टळल्याची सूचना मिळाली की शरीर पुन्हा तापवून, जेथे खेळ थांबला त्याच मिनिटापासून पुढे खेळावयाचे. एका दिवसात दोन-तीनदा भोंगा वाजला तर सामन्यास मर्यादाच उरत नसे. वरच्या लीगमधील रुख आणि मेटालिस्ट यांचा त्या ऑगस्टमधील ल्विवचा सामना अशा रीतीने जवळजवळ साडेचार तास चालला. तळघरात ताटकळत बसलेल्या खेळाडूचे स्नायू थंड पडतात, आणि पुन्हा धावताना दुखापतीचा धोका वाढतो. युद्धातील क्रीडेचे गौरवगान करणारे लेखक या साध्या शरीरशास्त्रीय गोष्टीकडे फारसे वळत नाहीत, म्हणून ती येथे नमूद करतो.

तो हंगाम पूर्ण झाला आणि त्याचा विजेता ठरला पोलिस्सिया झितोमीर. अंतराळयानांचे शिल्पकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या या जन्मगावचा जुना क्लब शतकाच्या पहिल्याच दशकात बंद पडला होता. किरकोळ विक्रीच्या मोठ्या धंद्यातील पैसा आता नव्या क्लबामागे होता. त्याच्याबरोबर कीवच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातून निघालेला ओबोलोन आणि बियाण्यांचा एलएनझेड वर गेले. पुढे २०२५ मध्ये पहिली लीग जिंकणारा कामियानेत्स-पोदिल्स्कीचा एपित्सेंत्र हा बांधकाम-साहित्याच्या दुकानांच्या साखळीचा संघ होय. कारखाना, मग धनाढ्य, मग शेतमळा, आणि आता दुकान, असा पोशिंद्यांचा क्रम या एका लीगच्या याद्या मांडून कोणासही लावता येईल. त्या देशाच्या अर्थव्यवस्थेवरील जाड ग्रंथांतून तो इतक्या सहज हाती लागत नाही.

राहिला प्रश्न अपुऱ्या हंगामाच्या भरवशावर दिलेल्या त्या दोन बढत्यांचा. त्यांपैकी एक फसली आणि एक फळली. तक्त्यात पहिला असलेला मेटालिस्ट प्रीमियर लीगमध्ये एकच वर्ष टिकून २०२३ मध्ये परत खाली आला. दुसरा असलेला क्रिव्बास २०२४ मध्ये शाख्तार आणि दिनामो यांच्या पाठोपाठ तिसरा आला आणि युरोपा लीगच्या पात्रता फेरीत चेक प्रजासत्ताकातील विक्टोरिया प्लझेनशी खेळला.